कॉलेजचा हल्ला-बचाव प्रोजेक्ट: आपलंच नेटवर्क फोडायचं आणि आपणच वाचवायचं

फायनल इयरला सिक्युरिटीत काहीतरी करायचंय म्हणणारे ग्रुप दरवर्षी असतात आणि त्यातले बरेचसे शेवटी कीलॉगर (कीबोर्डवर काय दाबलं ते चोरून नोंदवणारा प्रोग्राम) नाहीतर चेहरा ओळखून लॉगिन करणारं अॅप बनवून मोकळे होतात, कारण 'हॅकिंगचा प्रोजेक्ट' म्हटलं की नेमकं करायचं काय हे कोणी नीट सांगत नाही आणि गाइड सरांनाही धाकधूक असते की ही पोरं उद्या कॉलेजचा सर्व्हरच झोपवतील. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. चार जणांचा ग्रुप, ८ जीबी रॅमचा एक लॅपटॉप, लिनक्सच्या टर्मिनलची थोडीफार सवय आणि आयपी अॅड्रेस, पोर्ट म्हणजे काय एवढं माहिती असलं की पुरे, बाकीचं करता करता येतं.

थोडक्यात काम असं. लॅपटॉपच्या आत एक छोटं नेटवर्क उभं करायचं, ग्रुपमधल्या काहींनी त्यावर हल्ला करायचा, काहींनी ते वाचवायचं आणि वाचवताना वेबसाइट, एफटीपी (फाइली पाठवायची जुनी सेवा) वगैरे चालू ठेवायचं, मग बाजू बदलायच्या. आणि प्रत्येक फेरीनंतर हल्लेवाल्यांची वही आणि बचाववाल्यांचे लॉग (मशीनने आपोआप ठेवलेल्या नोंदी) शेजारी शेजारी ठेवून मिनिटाला मिनिट जुळवायचं. माझ्या मते खरं शिकणं या शेवटच्या कामात आहे, टूल चालवून दाखवणं तर व्हिडिओ बघून कोणालाही जमतं, पण लोक नेमकं हेच कंटाळा येतो म्हणून सोडतात.

आधी परवानगी, मग लॅपटॉप

हा भाग सगळे जण उड्या मारून पुढे जातात. कॉलेजच्या लॅबमध्ये करणार असाल तर गाइड आणि एचओडी दोघांची सही असलेलं एक पानी पत्र घ्या, त्यात कोणती मशीन, कोणत्या तारखा, नेटवर्क बाहेर जोडलेलं नसेल हे स्पष्ट लिहा. आणि लॅब असिस्टंटला विश्वासात घ्या, कारण स्विच कुठला, केबल कुठे जाते हे त्यांनाच माहिती असतं आणि काही बिघडलं तर पहिला फोन त्यांनाच येतो.

कायद्याचं सांगायचं तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा सिस्टिम सांभाळणाऱ्याच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं येतं आणि तेच लबाडीने किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'सर फक्त स्कॅन करून बघत होतो' असं होस्टेलच्या वायफायवर सांगत बसायची वेळ येऊ देऊ नका.

विद्यार्थ्याचा प्रयोग हाताबाहेर गेल्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २ नोव्हेंबर १९८८ चं आहे. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट टॅपन मॉरिसने एमआयटीच्या मशीनवरून एक वर्म सोडला, तो स्वतःहून एका मशीनवरून दुसऱ्यावर जायचा, पण एकाच मशीनवर पुन्हा पुन्हा बसायचा त्यामुळे मशीन इतकी मंदावली की लोकांना ती नेटवर्कवरून तोडावी लागली. त्याला ३ वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. पुढे तोच एमआयटीत प्रोफेसर झाला ही गोष्ट वेगळी. त्या वर्मची एक वाट होती ती म्हणजे मशीनचा एकमेकांवर असलेला आंधळा विश्वास, ओळखीच्या मशीनवरून आलास ना मग पासवर्ड नको. हे लक्षात ठेवा, कारण तुम्ही जे मशीन फोडणार आहात त्यात ही वाट अजून तशीच उघडी ठेवलेली आहे.

लॅब उभी करणं

व्हर्च्युअलबॉक्स घ्या, एका लॅपटॉपच्या आत वेगवेगळी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. त्यात तीन मशीन लागतील. पहिलं काली लिनक्स, हल्ल्याचं, सिक्युरिटीची टूल्स आधीच टाकलेलं, याला २ जीबी रॅम द्या, तयार इमेज मिळते आणि युजरनेम पासवर्ड दोन्ही 'काली'. दुसरं मेटास्प्लॉइटेबल २, हे मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं मशीन आहे, आत उबुंटू ८.०४ आहे, ५१२ एमबीत आरामात चालतं. याची झिप उघडली की व्हीएमडीके फाइल मिळते, नवं मशीन बनवताना नवीन डिस्क न घेता हीच जोडायची, इथे पुष्कळ लोक आयएसओ फाइल शोधत बसतात. युजरनेम पासवर्ड दोन्ही 'एमएसएफअॅडमिन'. तिसरं तुमचं स्वतःचं उबुंटू सर्व्हर, १ जीबी, नवीन व्हर्जनला थोडी जास्त द्या.

व्हर्च्युअलबॉक्स सुरूच झालं नाही आणि व्हीटी-एक्स बद्दल काहीतरी म्हणालं तर बायॉसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करा. विंडोजवर मशीन रांगत असेल आणि खालच्या पट्टीत कासवाचं चित्र दिसत असेल तर विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअलायझेशन, हायपर-व्ही, मध्ये आलंय, ते बंद करा. एम सिरीजचा मॅक असेल तर मेटास्प्लॉइटेबल त्यावर असं चालायचं नाही, ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणाचा तरी साधा इंटेल किंवा एएमडीचा लॅपटॉप घ्या आणि वाद मिटवा.

आता नेटवर्क, आणि इथे घाई नको. व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रत्येक मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये चारपाच पर्याय दिसतात. ब्रिज्ड घेतलं तर तुमचं भोकं असलेलं मशीन थेट कॉलेजच्या लॅनवर जाऊन बसतं, ते कधीच घ्यायचं नाही. त्यातून कोणी त्या मशीनवर डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारा) सर्व्हर चालू केला तर अख्ख्या लॅबला चुकीचे आयपी मिळायला लागतात आणि मग तुमचा प्रोजेक्ट सगळ्या कॉलेजला माहिती होतो. होस्ट-ओन्ली चालतं, पण त्यात तुमचा खरा लॅपटॉपही त्याच नेटवर्कवर असतो. मी इंटर्नल नेटवर्क घ्या असंच सांगेन, तिन्ही मशीनला एकच नाव द्यायचं, उदाहरणार्थ 'मैदान', की ती तिघं फक्त आपसात बोलतात. तोटा एवढाच की इथे आयपी वाटणारं कोणी नसतं त्यामुळे प्रत्येकाला हाताने द्यावा लागतो. काली १०.१०.१०.१०, मेटास्प्लॉइटेबल १०.१०.१०.२०, उबुंटू १०.१०.१०.३० असं ठेवलं की लॉग वाचताना डोक्याला त्रास नाही. उबुंटूमध्ये हे नेटप्लॅनच्या फाइलमध्ये लिहायचं असतं आणि त्या फाइलला स्पेसचं भारी वेड आहे, एक स्पेस इकडची तिकडे झाली की ती रुसते, टॅब तर अजिबात चालत नाही.

उबुंटूवर पॅकेज टाकायला इंटरनेट लागेलच, तेव्हा तात्पुरतं नॅट (मशीनला लॅपटॉपमार्फत इंटरनेट देणारा पर्याय) जोडा, अपाची (वेब सर्व्हर), मायएसक्यूएल (डेटाबेस), पीएचपी, एफटीपी सर्व्हर, एसएसएच (लांबून लॉगिनसाठी), फेलटूबॅन (चुकीच्या लॉगिनवर पत्ता अडवणारं), टीसीपीडम्प (नेटवर्कची रहदारी नोंदवणारं) एवढं टाकून घ्या, सरावाची मुद्दाम कच्ची वेबसाइट हवी तर डीव्हीडब्ल्यूए टाका, आणि मग नॅट काढून टाका. कालीवरही तसंच नॅट जोडून एक पॅकेज आत्ताच टाकून घ्या, आरएसएच-क्लायंट, ते कशाला ते पुढे येईल. दोन्हीकडचं नॅट काढल्यावर कालीवरून ८.८.८.८ ला पिंग करा. उत्तर आलं नाही पाहिजे. आलं तर पुढे जायचंच नाही. हे झालं की तिन्ही मशीनचा स्नॅपशॉट (परत जाता येईल अशी जतन केलेली अवस्था) घ्या आणि त्याला तारखेसकट नाव द्या, 'नवीन १', 'नवीन फायनल', 'फायनल खरं' अशी नावं दिलीत तर तिसऱ्या फेरीला रडाल.

एक सेटिंग अजून, सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित: घड्याळ. उबुंटू सर्व्हर इन्स्टॉल झाल्यावर सहसा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मेटास्प्लॉइटेबल अमेरिकेतल्या वेळेवर. काली तुम्ही जसं ठेवाल तसं. तिन्हींवर 'डेट' कमांड चालवा, टाइमझोन एशिया-कोलकाता करा आणि सेकंदापर्यंत जुळवून घ्या. मशीन पॉज करून किंवा सेव्ह केलेल्या अवस्थेतून उठवलं की घड्याळ मागे राहिलेलं असू शकतं, म्हणून प्रत्येक फेरीच्या आधी हे परत बघायचं. ही फक्त कॉलेजची हौस नाहीये, २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) आदेशात कंपन्यांना सायबर घटना ६ तासांत कळवा, लॉग १८० दिवस ठेवा याच्याबरोबर घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळवून ठेवा हेही सांगितलंय.

कोणी काय करायचं

चार जण असतील तर सगळे म्हणतात दोन हल्ला दोन बचाव. मी म्हणेन एक हल्ला, दोन बचाव, एक पंच. बचावाला माणसं जास्त लागतात कारण हल्लेवाल्याला एकच भोक सापडलं की झालं, बचाववाल्याला सगळी बुजवायची असतात. आणि पंच नसेल तर अर्ध्या तासात भांडणं ठरलेली.

पंचाचं काम सोपं नाही बरं का. त्याने एक छोटी स्क्रिप्ट लिहायची, बॅश किंवा पायथनमध्ये, जी दर ५ मिनिटांनी बघते की उबुंटूवरचं वेबपेज उघडतंय का, ठरलेल्या युजरने एसएसएच लॉगिन होतंय का, एफटीपीवरून फाइल उतरतेय का. चालू असेल तर बचावाला गुण, बंद असेल तर गेले. याशिवाय तो एक फ्लॅग लपवतो, म्हणजे रूटच्या (मशीनच्या सर्वाधिकारी युजरच्या) फोल्डरमध्ये एका फाइलीत आणि डेटाबेसच्या एका टेबलमध्ये अर्थहीन अक्षरांची एकेक ओळ, ती हल्लेवाल्याने आणून दाखवली की त्याला गुण. प्रत्येक फेरीला ओळ नवीन.

सेवा चालू ठेवायचे गुण का, तर नाहीतर बचाववाले पहिल्याच मिनिटाला फायरवॉलने सगळं बंद करतात आणि चहा प्यायला जातात. ही पद्धत मोठ्या स्पर्धांमध्येही आहे. लास वेगासच्या डेफकॉन या हॅकर संमेलनात १९९६ पासून फ्लॅग पळवायची स्पर्धा होतेय, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा कॅम्पसची आयसीटीएफ ही विद्यापीठांच्या टीममधली हल्ला-बचाव स्पर्धा आहे, आणि अमेरिकेत २००५ पासून एक आंतरकॉलेज स्पर्धा चालते जिथे विद्यार्थी फक्त बचाव करतात, हल्ला करायला बाहेरचे अनुभवी लोक बोलावतात. त्या स्पर्धेतली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: मध्येच 'साहेबां'कडून कामं येतात, नवीन कर्मचाऱ्याचं अकाउंट उघडा, अमुक रिपोर्ट अर्ध्या तासात द्या. तुमच्या पंचालाही सांगा, हल्ला ऐन रंगात असताना बचाववाल्यांना असलं एक काम चिकटव. ऑफिसात नेमकं असंच होतं.

फेरी दोन तासांची पुरते. पहिला अर्धा तास फक्त बचाववाल्यांचा, मशीन आवळून घ्यायला. नियम तीन लिहून ठेवा: सेवा पाडायचा मारा करायचा नाही, खऱ्या लॅपटॉपला हात लावायचा नाही, डिस्क पुसायची नाही. आणि दोन्ही बाजूंनी वही ठेवायची, साधी कागदी वही, दर कृतीला घड्याळातली वेळ. हल्लेवाल्याला हे फार जड जातं, तो टायपिंगच्या नादात असतो, पण वही नाही तर गुण नाहीत असा नियम ठेवला की लिहितो.

सरावाची फेरी: मेटास्प्लॉइटेबल

पहिल्या दिवशी बचाव नकोच, चौघांनी मिळून मेटास्प्लॉइटेबल फोडा. आधी एनमॅप, कुठले पोर्ट उघडे आहेत ते शोधणारं टूल. साधा स्कॅन केलात तर तो नेहमीच्या १००० पोर्टवरच बघतो आणि उत्तर येतं की ९७७ बंद, २३ उघडे. लोक इथेच थांबतात. मायनस पी मायनस लावून सगळे ६५,५३५ बघा, आणखी सापडतात, त्यात ३६३२ वरची डिस्टसीसी ही सेवा आहे जी पहिल्या यादीत नव्हती. मायनस एसव्ही लावलं की कुठल्या पोर्टवर कुठलं सॉफ्टवेअर, कुठलं व्हर्जन हे येतं आणि तीच तुमची पुढची कामाची यादी.

एक भोक जवळून बघा, पोर्ट २१ वरचं व्हीएसएफटीपीडी २.३.४, हा एफटीपी सर्व्हर आहे. २०११ मध्ये या सॉफ्टवेअरच्या डाउनलोड फाइलमध्येच कोणीतरी गुपचूप चोरदरवाजा घातला होता. मेटास्प्लॉइट या हल्ल्याच्या टूलमध्ये याचं तयार मॉड्यूल आहे आणि सगळे तेच चालवतात, पण एकदा हाताने करा. टेलनेटने पोर्ट २१ ला जा, युजर म्हणून काहीही नाव द्या आणि त्याच्या शेवटी :) हा हसरा चेहरा टाका, पासवर्ड काहीही. स्क्रीन नुसती थांबल्यासारखी दिसेल. ती तशीच ठेवून दुसऱ्या टर्मिनलमधून नेटकॅटने पोर्ट ६२०० ला जोडा आणि 'आयडी' टाइप करा. रूट! ना पासवर्ड तोडला, ना काही. आता हेच सगळं वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट उघडून दाखवणारं टूल) चालू ठेवून परत करा म्हणजे तो हसरा चेहरा पॅकेटमध्ये उघडाच दिसेल, कारण एफटीपीत युजरनेम पासवर्ड सगळं उघडं जातं. एका प्रयोगात दोन गोष्टी समजतात, सॉफ्टवेअर कुठून उतरवता याला महत्त्व का आहे आणि एफटीपी लोक का सोडायला लागले.

मग वर म्हटलेली मॉरिसच्या काळातली वाट. पोर्ट ५१२ ते ५१४ बघा, आर-लॉगिन वगैरे, लांबून लॉगिन करायच्या जुन्या सेवा. कालीवर आर-लॉगिन चालवलं आणि ते एसएसएचसारखं वागायला लागलं तर मघाशी सांगितलेलं आरएसएच-क्लायंट टाकायचं राहिलंय. ते असेल तर रूट म्हणून सरळ आत, पासवर्ड विचारतही नाही. बाकी १५२४ पोर्टला तर नुसतं जोडलं की रूट शेल समोर, त्यात शिकण्यासारखं काही नाही, हसून पुढे जा.

मेटास्प्लॉइटेबलवर बचावाची फेरी मात्र ठेवू नका. ते इतकं जुनं आहे की अपडेट मिळत नाहीत, भोकं बुजवायची म्हणजे एकेक सेवा बंदच करायची, आणि मग चालू काय ठेवणार. खरी फेरी उबुंटूवर.

खरी फेरी: बचाववाल्यांचा अर्धा तास

या अर्ध्या तासात घाबरून सगळीकडे हात घालू नका. आधी मशीनवर काय काय ऐकतंय त्याची यादी काढा, एसएस कमांडने पोर्ट आणि त्यामागचा प्रोग्राम दिसतो. यादीतल्या प्रत्येक ओळीला विचारायचं की हे पंचाला लागतं का. नसेल तर बंद. मायएसक्यूएल बाहेरून कोणालाच लागत नाही, त्याला फक्त मशीनच्या आत ऐकू द्या. मग यूएफडब्ल्यू या उबुंटूच्या फायरवॉलने येणारं सगळं अडवून हवे तेवढेच पोर्ट उघडा, आणि एसएसएचचा पोर्ट आधी उघडून मगच फायरवॉल चालू करा. पंचाचा युजर सोडून बाकीच्यांना पासवर्डऐवजी एसएसएच की (किल्लीची फाइल), रूटला थेट लॉगिन बंद. एसएसएचची सेटिंग बदलल्यावर आहे ती खिडकी बंद न करता दुसऱ्या खिडकीतून आत येता येतंय का ते बघा. डीव्हीडब्ल्यूएचा 'अॅडमिन' आणि 'पासवर्ड' हा जोड बदला, हे सांगायला लागू नये पण लागतं.

शेवटी टीसीपीडम्पने सगळी रहदारी फाइलमध्ये साठवायला लावा. ही फाइल नसेल तर फेरीनंतरची अर्धी मजा गेली. सुरिकाटा (संशयास्पद रहदारी दिसली की इशारा देणारं) टाकायचं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला टाका, पहिल्याच दिवशी टाकलंत तर इशाऱ्यांचा पाऊस पडतो आणि त्यातला खरा कुठला हे ओळखायची नजर अजून आलेली नसते.

हल्लेवाल्याला एक सूचना. हायड्रा (पासवर्ड एकामागून एक लावून बघणारं टूल) घेऊन रॉकयूची अख्खी पासवर्ड यादी एसएसएचवर सोडून रात्रभर बसू नका. ती यादी २००९ मधल्या एका गळतीतली, रॉकयू नावाच्या कंपनीने पासवर्ड जसेच्या तसे साठवले होते म्हणून बाहेर आली, कालीत ती येतेच, पण तिच्यात १ कोटी ४० लाखांच्या वर पासवर्ड आहेत, सेकंदाला ४ प्रयत्न धरले तरी ४० दिवस पुरायचे नाहीत. त्यापेक्षा समोरच्यांना ओळखता ना, त्यांच्या गावाचं नाव, आवडता क्रिकेटर, जन्मसाल, शेवटी अॅट द रेट १२३, असे २५-३० शब्द स्वतः लिहा. लागतात.

वह्या आणि लॉग जुळवणं

फेरी संपली की लगेच, दुसऱ्या दिवसावर न टाकता, एक शीट उघडा. तीन कॉलम: वेळ, हल्लेवाल्याने काय केलं, बचावाच्या बाजूला काय उमटलं. तिसऱ्या कॉलममध्ये जिथे रिकामं राहील तिथे थांबायचं आणि का रिकामं आहे ते शोधायचं.

पहिला धक्का बहुतेक स्कॅनलाच बसतो. हल्लेवाल्याच्या वहीत ११:३५ ला एनमॅप आणि उबुंटूच्या ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदींमध्ये) त्या वेळेला शुकशुकाट. मग दुसऱ्या कोणीतरी तोच स्कॅन करून बघावा आणि लॉगमध्ये ओळ यावी, ओळख न सांगताच कनेक्शन तुटलं अशा अर्थाची. कमांड तीच, मग फरक कुठला? फरक सुडोचा, म्हणजे रूटच्या अधिकाराने कमांड चालवण्याचा. सुडोने चालवलं तर एनमॅप टीसीपी कनेक्शन सुरू करणारं पहिलं सिन पॅकेट टाकतो, पलीकडून होकार आला की तिथेच तोडतो, हँडशेक पुरा होतच नाही, म्हणून एसएसएच प्रोग्रामला कोणी येऊन गेल्याचा पत्ताच लागत नाही. सुडोशिवाय चालवलं तर त्याला तसे कच्चे पॅकेट पाठवायचा अधिकार नसतो, तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगून पुरं कनेक्शन करतो आणि मग बहुतेक वेळा लॉगमध्ये ठसा उमटतो. काली २०२० पासून साध्या युजरने उघडतं त्यामुळे विद्यार्थ्यांकडून हा दुसरा प्रकार नकळत होऊ शकतो, पण काही नव्या कालींत एनमॅपला सुडोशिवायही कच्चे पॅकेट पाठवता येतात, तिथे फरक बघायला मायनस एसटी लावा. आणि टीसीपीडम्पची फाइल वायरशार्कमध्ये उघडली की दोन्ही स्कॅन स्वच्छ दिसतात, एकाच पत्त्यावरून सेकंदभरात शेकडो पोर्टला सिन. टीसीपीचा हँडशेक सेकंड इयरला पाठ केलेला असतो, तो इथे पहिल्यांदा समोर घडताना दिसतो.

दुसरी जागा अपाचीचा अॅक्सेस लॉग, वेबसाइटवर आलेल्या विनंत्यांची नोंद. हल्लेवाल्याने एनमॅप स्क्रिप्टसकट चालवला असेल तर ब्राउझरचं नाव येतं त्या जागी चक्क 'एनमॅप स्क्रिप्टिंग इंजिन' असं छापलेलं सापडतं. चोराने व्हिजिटिंग कार्ड ठेवून जावं तसं. पुढच्या फेरीला हल्लेवाला ते नाव बदलेल, बदलू द्या, मग बचाववाल्यांना नावावर न जाता विनंत्यांच्या वेगावर आणि नसलेल्या पानांसाठी आलेल्या ४०४ ('पान सापडलं नाही') या उत्तरांवर लक्ष ठेवावं लागेल.

तिसरी फेलटूबॅनची. हे १० मिनिटांत ५ चुकीचे प्रयत्न झाले की तो पत्ता १० मिनिटं अडवतं, निदान न बदलता ठेवलं तर. हायड्रा सरळ सोडला की काही सेकंदांत दार बंद, बचाववाले खूश. पण समजा हल्लेवाल्याने हे वाचलं आणि दर ३ मिनिटांनी एकच प्रयत्न करायला लागला, तर कुठल्याही १० मिनिटांत ४ च्या वर जात नाहीत आणि फेलटूबॅन गप्प बसतं. दीड तासात ३० शब्द होतात, म्हणजे वर सांगितलेली हाताने केलेली यादी पुरी! लॉगमध्ये मात्र प्रत्येक प्रयत्न आहे, 'फेल्ड पासवर्ड' ची ओळ, पत्ता, पोर्ट, वेळ, सगळं. फक्त त्या ओळी एकमेकींपासून लांब आहेत आणि मध्ये पंचाच्या स्क्रिप्टचे बरोबर लॉगिन येत राहतात त्यामुळे डोळ्याला लागत नाहीत. ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) वापरून 'फेल्ड' एवढंच गाळून काढा आणि वेळा खाली खाली लिहा, ३ मिनिटांचा ठेका धरलेली रांग दिसते. माणूस पासवर्ड विसरला तर असा ठेक्यात चुकत नाही.

डीव्हीडब्ल्यूएवर एसक्यूएल इंजेक्शन (वेबपेजच्या रकान्यातून डेटाबेसची कमांड घुसवणं) झालं असेल तर अॅक्सेस लॉगमध्ये यूआरएलच्या शेवटी टक्क्याच्या खुणांनी भरलेली ओळ सापडेल, टक्का-२७ म्हणजे अवतरण चिन्ह. सोप्या पातळीचा आणि अशक्य पातळीचा सोर्स कोड तिथेच बघायला मिळतो, दोन्ही शेजारी ठेवून वाचा, एकात यूजरने दिलेला मजकूर सरळ क्वेरीत चिकटवलाय, दुसऱ्यात प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे क्वेरी आधी ठरलेली आणि मजकूर वेगळा दिलेला.

आणि सगळी शीट ठरावीक फरकाने पुढेमागे दिसत असेल, म्हणजे प्रत्येक ओळ बरोबर साडेपाच तास किंवा बरोबर ४ मिनिटं चुकतेय, तर घड्याळ जुळवलेलं नव्हतं. तेवढा फरक वजा करून चालेल, पण रिपोर्टमध्ये तसं लिहा.

रिपोर्ट, व्हायव्हा आणि आवराआवर

ब्लॅक बुकमध्ये (प्रोजेक्टच्या छापील रिपोर्टमध्ये) टूलच्या होमपेजचे स्क्रीनशॉट भरू नका, पानं वाढतात पण एक्स्टर्नल परीक्षक पहिल्या मिनिटाला ओळखतो. नेटवर्कची आकृती, नियम, प्रत्येक फेरीची ती तीन कॉलमची शीट आणि रिकाम्या जागांचं स्पष्टीकरण, एवढं छापा. व्हायव्हाला 'यात तुम्ही स्वतः काय केलं' हा प्रश्न येणारच, तेव्हा शीटमधली एक ओळ निवडून ती वहीत, लॉगमध्ये आणि पॅकेटमध्ये तिन्हीकडे उघडून दाखवा, त्यावर सहसा पुढचा प्रश्न बराच सौम्य येतो. ज्यांना पुढे खेळायचंय त्यांनी अमृता विश्व विद्यापीठाच्या विद्यार्थी टीमची इनसीटीएफ ही फ्लॅग पळवायची स्पर्धा बघा.

सगळं झालं की आवरा. लॅबच्या पीसीवरची तिन्ही मशीन फाइलींसकट डिलीट करा, नुसती यादीतून काढून चालत नाही, मेटास्प्लॉइटेबल पुढच्या बॅचच्या हातात पडलं आणि कोणी ते ब्रिज्डवर चालू केलं तर निस्तरणं लॅब असिस्टंटच्या गळ्यात पडतं. टीसीपीडम्पच्या फाइली ड्राइव्हवर सगळ्यांना उघड्या शेअर करू नका, त्यात फेरीत टाइप केलेले एफटीपीचे पासवर्ड जसेच्या तसे आहेत आणि तुमच्यातल्या कोणीतरी नेहमीचाच पासवर्ड वापरला असणार, तो आजच बदलायला सांगा. वह्या मात्र निकाल लागेपर्यंत टाकू नका.